पडीक अर्पां आणि कामाच्या शोधातली मुले

डिसेंबर २०२३ मधील गोष्ट वाचकांना आठवत असेल. त्या महिन्याच्या ८ तारखेला भारत सरकारने कांद्याची निर्यात थांबवली. निर्णय दिल्लीत झाला, खळबळ नाशिक-लासलगावच्या बाजारात उडाली आणि काळजी मात्र वाक्वाच्या बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आमच्या भगिनींना लागली. पुढे काही मित्रदेशांना ठरावीक कांदा देण्याचे भारताने मान्य केले. त्यात मॉरिशसच्या वाट्याला १,२०० टन आले. त्याआधी तांदळाचेही तसेच झाले होते. जुलै २०२३ मध्ये साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, तेव्हा आपल्या बेटासाठी १४,००० टनांची खास परवानगी घ्यावी लागली. भारताने आपली आठवण ठेवली याबद्दल कृतज्ञता आहेच. परंतु ज्या घराची चूल शेजाऱ्याच्या परवानगीने पेटते, त्या घराला स्वस्थ झोप कशी लागावी?

आपण खातो त्यातील सुमारे तीन चतुर्थांश अन्न जहाजाने येते. तांदूळ आणि गहू येणारच, त्याला इलाज नाही. ताजी भाजी बरीचशी इथलीच असते, हे समाधानाचे आहे. पण कांदा, लसूण आणि बटाटा यांत अजून परक्या बंदरांकडे डोळे लावावे लागतात. शिवाय जी भाजी इथे पिकते ती पिकवणारे हात दिवसेंदिवस म्हातारे होत आहेत. सकाळी शेतात वाकलेली माणसे पाहावीत, तर बहुतेकांचे केस पांढरे. त्यांची मुले कचेरीत, हॉटेलात, नाहीतर विमानतळावर निरोप देण्या-घेण्यात.

एकीकडे पडीक जमीन, दुसरीकडे कामाच्या शोधात हिंडणारी मुले. या दोहोंच्या मध्ये सरकारी योजना, कर्जे, शिक्षणाच्या सोयी आणि बऱ्यापैकी नोकऱ्या पडून आहेत. त्या आपल्या घरापर्यंत का पोचत नाहीत, याचा विचार या लेखात करावा असे आम्ही योजिले आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. अडचण पैशाची कमी आणि कागदाची जास्त आहे. त्याहूनही जास्त ती आपल्या मनातील आहे.

ऊस मागे हटला, जमीन राहिली

आपले पूर्वज १८३४ नंतरच्या दशकांत मुंबई बंदरातून या बेटावर आले. त्यांतील पुष्कळसे कोकणातले. करार ऊस तोडण्याचा होता, पण झोपडीच्या मागे जी हातभर जागा मिळाली तिच्यात त्यांनी अळू लावला, शेवगा लावला, भोपळ्याचा वेल छपरावर चढवला. आज आपण क्रेओलमध्ये ज्याला ब्रेद सोंज म्हणतो तो आपला अळूच, आणि ब्रेद मुरुम म्हणजे शेवग्याचा पाला. मुरुम, पिपंगाय, कोतोमिली ही नावे तमिळ बांधवांच्या तोंडून क्रेओलमध्ये आली. कोणाच्याही तोंडून येवोत, भाजी सर्वांच्याच परसात होती. या बेटाला भाजी खाऊ घालण्याचे काम मजुरांच्या परसाने फार वर्षे केले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत मोठ्या मळेवाल्यांनी कडेची जमीन तुकडे पाडून विकायला काढली. तिलाच आपण मोर्सेलमां म्हणतो. तेव्हा पै-पै जोडून, बायकांच्या अंगावरचे सोने मोडून आपल्या लोकांनी एक अर्पां, दोन अर्पां अशी जमीन घेतली. अर्पां म्हणजे एकरापेक्षा किंचित अधिक. १९१३ साली येथे सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि सावकाराच्या दारात न जाता गावातल्या गावात कर्ज मिळू लागले. लहान शेतकरी उभा राहिला तो असा. जमीन आपली, पतपेढी आपली, आणि शेजारी जामीन.

नंतरचा काळ उसाचा. १९७३ साली बेटाने ७ लाख टनांहून अधिक साखर काढली. १९७५ पासून युरोपच्या साखर-करारामुळे दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखरेला हमीचा भाव मिळू लागला. त्या भावावर शाळा बांधल्या गेल्या, आमच्यासारख्यांची शिक्षणे झाली, हे विसरता येणार नाही. पण २००६ पासून युरोपने भावात ३६ टक्के कपात केली, २००९ साली करारच संपला आणि २०१७ साली युरोपातील बीट-साखरेवरची मर्यादाही उठली. लहान शेतकऱ्याला तोडणी आणि वाहतूक परवडेना. अलीकडच्या वर्षांत साखर तीन लाख टनांच्याही खाली आली आहे आणि चालू कारखाने उरले आहेत अवघे तीन. पश्चिमेला आपल्या लोकांचा ऊस मेदिनच्या कारखान्यात जाई. तोही बंद झाला. ज्यांच्याकडे दीड-दोन अर्पां होते त्यांनी एका वर्षी ऊस तोडला नाही, दुसऱ्या वर्षी तोडला नाही, आणि तिसऱ्या वर्षी तिथे गवत आणि बाभळीसारखी काटेरी झुडपे उभी राहिली.

आमच्या घरची गोष्ट

दुसऱ्यांच्या जमिनीविषयी लिहिण्यापूर्वी स्वतःच्या जमिनीविषयी लिहावे हे बरे. कास्काव्हेलच्या बाजूला आमच्या पणजोबांनी घेतलेली दीड अर्पां जमीन आहे. ती वारसाने आमच्या आजोबांकडे आली आणि कागदावर तिथेच थांबली. आजोबा जाऊन पुष्कळ वर्षे झाली, तरी दस्तावर नाव त्यांचेच राहिले. आपला वारसा-कायदा फ्रेंच धर्तीचा आहे, तेव्हा सर्व मुलांचा हक्क सारखा. त्यांच्या मुलांचाही तसाच. आम्ही मोजले तेव्हा या दीड अर्पांचे अकरा वारस निघाले. दोन ऑस्ट्रेलियात, एक फ्रान्समध्ये, उरलेले वाक्वा, बांबू आणि पोर्ट लुईत विखुरलेले. प्रत्येकाला वाटे, दुसरा कोणीतरी पाहील.

२०२० साली साथीमुळे हॉटेले बंद पडली तेव्हा आमच्या पुतण्याचे काम गेले. दोन वर्षे इकडे-तिकडे काढून एक दिवस तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, ती जमीन मला करायला द्याल का?" आम्ही शाळेत मुलांना श्रमाचे महत्त्व शिकवतो. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी आमच्या मनात आले की, याला हॉटेल-शास्त्राचा दाखला मिळवून दिला तो काय फावडे मारण्यासाठी? वाचकांपुढे हे कबूल करताना लाज वाटते.

तोंडी संमती घेऊन २०२३ च्या मध्याला त्याने अर्धा अर्पां साफ केला. ऑक्टोबरात दोडका, कारली, काकडी लावली. फळमाशीने पहिला तोडा निम्मा नासवला. उरलेला माल काढायला सुरुवात झाली तोच १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळ आले. मांडव आडवे झाले, वेल मुळासकट गेले. भाजीवाल्या शेतकऱ्यांसाठी नुकसानभरपाईची योजना आहे असे कळल्यावर पुतण्या धावपळ करू लागला. पण त्याच्या नावाची नोंदणी नव्हती. नोंदणी करायची तर जमिनीवरचा हक्क दाखवायला हवा. हक्क दाखवायचा तर अकरा जणांची सही हवी. यात कचेरीचा काही दोष नव्हता. पंचवीस वर्षे कागद न हलवणाऱ्या आमचाच दोष होता. त्याची भरपाई त्या मुलाने केली, स्वतःच्या खिशातून.

त्यानंतर आम्ही एकेका वारसाच्या दारी गेलो. सर्वांत अवघड गेले आमच्या धाकट्या आत्याला पटवणे. पश्चिम किनाऱ्यावर बंगल्यांसाठी जमिनीला काय भाव येतो ते सर्वांना ठाऊक आहे. आत्याकडेही एक गिऱ्हाईक येऊन गेले होते. पण ती पैशाचे बोललीच नाही. म्हणाली, "बाबा, त्या मातीत माझ्या आईची पाठ मोडली. पहाटे तीनला उठून ती उसात जाई. आम्ही शिकलो ते त्यातून बाहेर पडण्यासाठी. आता त्या पोराला परत तिथे कशाला घालतोस?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. कारण आत्याचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या समाजाने शेती सोडली ती आळसाने सोडलेली नाही. मळ्यावरचा अपमान आणि उन्हातला थकवा यांतून मुलांना वर काढावे म्हणून सोडली. ही गोष्ट ध्यानात न घेता जो कोणी "चला, पुन्हा मातीकडे" असे भाषण करील, त्याचे कोणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये.

उत्तर पुतण्यानेच दिले. तो आत्याला घेऊन शेतावर गेला. पाण्याच्या बारीक नळ्या वेलांच्या बुंध्याशी कशा ठेवल्या आहेत, तोटी फिरवली की अर्ध्या तासात पाणी कसे मिळते, फळमाशी पकडायचा जाळीचा तंबू कसा असतो, हे त्याने दाखवले. वही दाखवली. कोणत्या तारखेला काय फवारले, किती माल निघाला, कोणत्या भावाने गेला. आत्या बराच वेळ वही चाळत राहिली. मग म्हणाली, "आमच्या वेळी वही फक्त सरदाराकडे असायची." त्या दिवशी तिने होकार दिला. विकण्याचा प्रश्न मिटलेला नाही. पण पाच वर्षांचे भाडेपत्र झाले. परदेशातल्या तिघांनी मुखत्यारपत्रे पाठवली, आणि २०२५ च्या आरंभी अकराही सह्या एका कागदावर आल्या.

कोठे काय मिळते

या धडपडीत आम्हाला जी माहिती झाली ती वाचकांच्या उपयोगी पडावी म्हणून क्रमाने देतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुष्कळ लोक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात.

पहिली पायरी नोटरीची. जमीन कोणाच्या नावावर आहे आणि वारस कोण, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. लगेच वाटणी करायलाच हवी असे नाही. सर्वांच्या सहीचे भाडेपत्र असले तरी कसणाऱ्याच्या हाती कागद येतो. म्हातारी माणसे हयात असतानाच हे काम उरकावे. एक पिढी गेली की सह्या दुप्पट होतात.

दुसरी पायरी लहान शेतकरी कल्याण निधीची. आपण ज्याला स्मॉल फार्मर्स वेल्फेअर फंड म्हणतो तो हाच. येथे शेतकरी म्हणून नाव नोंदवावे. वादळ-अतिवृष्टीनंतर भाजीपाल्याच्या नुकसानीसाठी मदत मिळते ती नोंदलेल्यांना. शेतकऱ्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्याही या निधीतून दिल्या जातात. ही गोष्ट आमच्या शाळेतल्या कित्येक पालकांना ठाऊक नव्हती. ज्यांचा अजून ऊस आहे त्यांच्यासाठी साखर विमा निधी वेगळा आहे. त्याची सुरुवात १९४६ साली वादळ आणि दुष्काळ यांच्या विम्यासाठी झाली.

तिसरी पायरी फारेई या संस्थेची. शेती-संशोधन आणि विस्तार हे तिचे काम. तिचे अधिकारी शेतावर येऊन सल्ला देतात, नव्याने शेती करणाऱ्यांसाठी अभ्यासवर्ग घेतात, आच्छादित शेतीसारख्या योजनांचे अर्ज पाहतात. येथे एक सूचना. अनुदानाच्या रकमा आणि अटी दरवर्षी जूनच्या अर्थसंकल्पात बदलतात. शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या अनुदानाच्या भरवशावर खर्च करू नये. त्या वर्षीचे पत्रक हाती घ्यावे, आणि अर्ज मंजूर होण्यापूर्वी सामान विकत घेऊ नये.

चौथी पायरी कर्जाची. मॉरिशस विकास बँक १९६४ पासून आहे आणि शेतकऱ्यांना ती सवलतीच्या व्याजाने कर्ज देते. कर्ज घेण्याआधी एक हंगाम लहान प्रमाणावर स्वतः करून पाहावा, असे आमचे मत आहे. वहीत एका हंगामाचा खरा जमाखर्च असला म्हणजे बँकेचा अधिकारीही वेगळ्या नजरेने पाहतो, आणि आपलेही डोळे उघडतात.

पाचवी सोय व्यक्तीसाठी नाही, संस्थेसाठी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत चालणारी जागतिक पर्यावरण निधीची लघु-अनुदान योजना नोंदणीकृत मंडळांना आणि गावच्या संस्थांना पैसा देते. माती, पाणी, बियाणे यांचे रक्षण आणि लोकांची उपजीविका यांची सांगड घालणारे काम तिला हवे असते. आपल्या समाजात मंडळांची वाण नाही. गावोगावी आहेत, नोंदलेली आहेत, त्यांची बँक-खाती आहेत. त्यांपैकी किती मंडळांनी गणेशोत्सवाखेरीज दुसऱ्या कशासाठी अर्ज केला असेल?

फावडे हाच एक रोजगार नव्हे

शेती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अजून ऊस आणि कोयता येतो. वस्तुतः अन्न पिकवण्याच्या कामाभोवती आज अनेक धंदे उभे आहेत. रोपवाटिका चालवणे हा एक. चांगली रोपे वेळेवर मिळत नाहीत ही भाजीवाल्यांची नेहमीची तक्रार असते. ठिबकाच्या नळ्या आणि पंप बसवणारे कारागीर हा दुसरा. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपासच पाऊस, तर मधल्या पठारावर चार हजारांच्या घरात. त्यामुळे आपल्या भागात पाणी जपणाऱ्या माणसाला काम कमी पडणार नाही. कंपोस्ट करणे, मधमाश्या पाळणे, मिरचीचे-आंब्याचे लोणचे आणि वाळवलेली फळे करणे, मालाची प्रत तपासणे, हिशेब ठेवणे, हीही शेतीचीच कामे आहेत.

शिकलेल्या मुलांसाठी तपासणीचे काम वाढत जाणार आहे. २०१८ साली कीटकनाशकांच्या वापराचा कायदा झाला. भाजीत औषधाचा अंश किती चालतो याची मर्यादा ठरली, नमुने तपासले जाऊ लागले. त्याच्या थोडे आधी मॉरिगॅप नावाची प्रमाण-पद्धती आली. तिच्या तीन पायऱ्या आहेत. शेतकऱ्याने नोंदी ठेवायच्या, औषधे कुलुपात ठेवायची, फवारणी आणि तोडणी यांत ठरलेले अंतर पाळायचे, असे तिचे नियम. हॉटेले आणि मोठी दुकाने उद्या हाच दाखला मागतील. शेतकरी वडील नोंद ठेवू शकत नसतील, तर शिकलेली मुलगी ठेवू शकते. एका घराची ठेवली की शेजारच्या पाच घरांचीही ठेवू शकते. हा धंदाच नव्हे काय?

रेद्वी येथील मॉरिशस विद्यापीठ १९६५ साली सुरू झाले ते तिथल्या जुन्या शेतकी महाविद्यालयाला पोटात घेऊन. म्हणजे आपल्या देशातील उच्च शिक्षणाचा पाया शेतीच्या वर्गात घातला गेला. आज गुणवान मुलगा शेतकी शाखेकडे गेला तर नातेवाईक विचारतात, "दुसरीकडे जागा नाही मिळाली वाटते?" हा प्रश्न आपण विचारणे बंद केले, तरी मोठे काम होईल. त्याला पैसा लागत नाही आणि अर्जही लागत नाही.

शाश्वत शेती हा शब्द हल्ली पुष्कळ ऐकू येतो. तिचा अर्थ साधा आहे. आज पीक घ्यावे आणि नातवालाही घेता यावे. ही कल्पना या बेटाला नवी नाही. टोळांचा बंदोबस्त करण्यासाठी १७६२ साली भारतातून साळुंकी आणली गेली. तिलाच आपण मार्टिन म्हणतो. किडीला तिच्या शत्रूकडून आवरण्याचा जगातील हा एक आद्य प्रयोग मानला जातो. आज फळमाशीच्या बाबतीत तेच तत्त्व वापरतात. नासलेली फळे शेतात न टाकता जाळीच्या तंबूत टाकायची. त्यातून निघालेली माशी मोठी, ती आत अडकते. माशीवर जगणारी गांधीलमाशीच्या जातीची बारीक कीड जाळीच्या छिद्रांतून बाहेर पडते आणि शेतात काम करू लागते. कडेने मक्याच्या ओळी लावून माशीला तिथे आमिष दाखवतात. फवारणी कमी, खर्च कमी. मात्र शेजारच्या शेतात नासकी फळे तशीच पडून असतील, तर आपल्या तंबूचा उपयोग थोडा. म्हणून हे काम एकट्याचे नाही.

एकट्याने करण्याचे काम नाही

आमच्या पुतण्याने एकट्याने माल वूटनच्या घाऊक बाजारात नेला तेव्हा गाडीचे भाडे आणि लिलावाची दलाली जाऊन हाती थोडे राहिले. दोन शेजाऱ्यांसह एकच गाडी केली तेव्हा तेच भाडे तिघांत वाटले गेले. १९१३ साली आपल्या पणजोबांना जे कळले होते ते आम्हाला पुन्हा शिकावे लागले.

उसाच्या बाबतीत हा धडा ताजाच आहे. युरोपचा जुना करार संपल्यानंतर लहान ऊस-उत्पादकांच्या अनेक सहकारी संस्थांनी फेअरट्रेडचा दाखला मिळवला. त्या व्यवस्थेत साखरेच्या प्रत्येक टनामागे ६० डॉलर अधिक मिळतात. हे पैसे संस्थेच्या हाती येतात आणि त्यांचे काय करायचे ते सभासद ठरवतात. एकटा शेतकरी या दाखल्यासाठी अर्जच करू शकत नाही. संस्था असली तरच दार उघडते.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक गावच्या मंडळाने वर्षातून एक रविवार जमिनीसाठी ठेवावा. नोटरीला बोलवावे, निधीच्या आणि फारेईच्या अधिकाऱ्याला बोलवावे. ज्यांची जमीन पडीक आहे आणि ज्यांच्या मुलांना काम हवे आहे, अशा दोन्ही प्रकारच्या घरांना एका सभागृहात बसवावे. पुष्कळदा ही दोन घरे एकमेकांच्या शेजारीच असतात. गणेशचतुर्थीला दूर्वा, केळीची पाने, नारळ, भाजीसाठी अळू आणि भोपळा सर्वांनाच लागतो. निदान ती एक मागणी तरी आपल्या आपण भागवू शकू. पाच घरांनी मिळून तेवढ्याचीच लागवड केली तरी आरंभ होईल.

शाळांनाही यात वाटा आहे. आम्ही वर्गातल्या मुलांकडून शाळेच्या कडेला कोथिंबीर लावून घेतली होती. कोथिंबीर फार आली नाही, गोगलगायींनी खाल्ली. पण एका मुलीने घरी जाऊन आजीला विचारले, आणि आजीने राखेचा उपाय सांगून पाठवला. त्या घरात किती वर्षांनी शेतीची गोष्ट निघाली असेल!

शेवटी थोडेसे

पुतण्या श्रीमंत झाला आहे असे वाचकांनी समजू नये. अर्ध्या अर्पांवरून तो आता एका अर्पांवर आला आहे. भाजीवरच घर चालत नाही म्हणून आठवड्यातले तीन दिवस तो एका रोपवाटिकेत कामाला जातो. यंदा त्याने कांदाही लावला. तोडा थोडा मिळाला, पण पहिल्या पेंडीतले चार कांदे त्याने आत्याच्या घरी नेऊन दिले. आत्याने ते चिरले नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगून ठेवले आहेत.

भाडेपत्राची मुदत २०३० साली संपेल. तेव्हा अकरा वारस पुन्हा एकत्र बसतील आणि ठरवतील की, आजोबांचे दीड अर्पां विकायचे की ठेवायचे. काय ठरेल ते आज सांगता येत नाही. विकायचे ठरले तरी तो हक्क त्यांचा आहे. पण त्या दिवशी त्यांच्यापुढे गवताचे रान नसेल, एक चालती शेती आणि तिच्या जमाखर्चाची वही असेल. विकायचे असेल तर काय विकतो आहोत हे पाहून तरी विकता येईल.

वाचक बंधु-भगिनींना इतकीच विनंती आहे की, आपल्या घरातील जुनी पेटी एकदा उघडून पाहावी. दस्त कोणाच्या नावावर आहे ते वाचावे. आणि घरात एखादे मूल कामाच्या शोधात असेल, तर तो कागद त्याच्या हाती द्यावा. पुढचे ते विचारील.